घरच्या लेथचा चक: निवड, बसवणी आणि सेंटर काढणं

लेथ म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायचं मशीन, आणि चक म्हणजे त्यातला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरणारी पकड. चक बदलायचा असला की मी आधी मशिनचा प्लग काढते आणि मग बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, माझी फळी ठेवते. १८ मिमी प्लायची ही फळी खालून बेडच्या रुळांमध्ये अडकून बसते आणि वरून चकच्या गोलाईइतकी कोरलेली आहे. चक त्या खोबणीत ठेवला की त्याचं मधलं भोक नेमकं स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, उंचीला येतं. मग उचलाउचल उरत नाही, नुसतं सरकवायचं. १६० मिमीचा चक आठ-नऊ किलोचा असतो. एका हाताने तो तोलायचा आणि दुसऱ्या हाताने मागचे बोल्ट चाचपायचे, असं मी पहिलं वर्षभर केलं. एकदा तो निसटला आणि बेडवर आपटला. रुळाला पडलेला तो खोक मी तेलदगडाने साफ केला, तरी कॅरेज (टूल वाहून नेणारा सरकता भाग) तिथून जाताना हँडलला अजून जाणवतो. त्यामुळे या लेखातलं एकच काही करायचं असेल, तर प्रत्येक चकसाठी अशी फळी करून ठेवा.

मी घरी वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेल्स करते आणि शिलाई मशिनचे बाजारात न मिळणारे भाग बनवून देते. माझ्याकडे दोन लेथ आहेत. एक छोटा, १८० मिमी स्विंगचा (स्विंग म्हणजे बेडवर फिरू शकेल असा सगळ्यात मोठा व्यास), ज्याच्या स्पिंडलला सपाट फ्लँज आहे. दुसरा २५० मिमी स्विंगचा जुना लेथ, ज्याच्या स्पिंडलवर आटे आहेत. शेजारी एक लहान मिलिंग मशीन. खाली जे सांगते आहे ते या तिघांवर हात बसताना कळलेलं आहे.

कोणता चक आधी

मशिनसोबत बहुधा थ्री-जॉ, म्हणजे तीन जबड्यांचा चक, येतो. चावी फिरवली की तिन्ही जॉ एकदम आत येतात, कारण आतल्या चकतीवर एकच सर्पिल खाच असते आणि तिन्ही जॉचे दात त्यात अडकलेले असतात. गोल आणि षटकोनी सळईसाठी याच्याइतका सोयीचा चक नाही. पण त्या सर्पिलाची झीज, जॉचे दात आणि चकची बैठक यांतली प्रत्येक चूक जॉबपर्यंत येते, आणि ती दुरुस्त करायला तुमच्या हातात काहीच नसतं. चांगल्या नव्या थ्री-जॉमध्येसुद्धा ०.०५ ते ०.०८ मिमी रनआऊट, म्हणजे एका फेऱ्यात जॉबचं मागेपुढे हलणं, धरूनच चाला.

हा आकडा ऐकून घाबरू नका. डायलवर, म्हणजे हे हलणं मोजणाऱ्या सुईच्या गेजवर, ०.०८ दिसले म्हणजे जॉबचं सेंटर निम्म्याने, ०.०४ ने सरकलेलं आहे. आणि एकाच बांधणीत फेसिंग (तोंड सपाट करणं), टर्निंग (बाहेरून गोल कापणं), बोअर (आतलं भोक) सगळं करून शेवटी पार्टिंग (कापून वेगळं करणं) केलं, तर त्या रनआऊटचा काही संबंधच राहत नाही. जे काही कापलं ते सगळं स्पिंडलच्या अक्षाभोवतीच कापलं गेलं. अडचण येते ती जॉब उलटून परत पकडताना, किंवा आधीच पूर्ण झालेल्या भागावर आणखी काम करताना. शिलाई मशिनच्या शाफ्टचं टोक दुरुस्त करायचं असेल तर ०.०८ म्हणजे पुली डोळ्यांना दिसेल इतकी हलणार.

म्हणून माझं ठाम मत आहे की दुसरा चक घ्यायचा तो फोर-जॉच, म्हणजे ज्यात चारही जॉ स्वतंत्र स्क्रूवर चालतात. चौकोनी पट्टी, वेडीवाकडी ओतीव सिलिंडर, एक्सेंट्रिक (सेंटर बाजूला सरकवलेली चकती), आधी टर्न केलेला शाफ्ट, सगळं यात धरता येतं आणि ०.०१ मिमीच्या आत सेंटरला आणता येतं. नवीन माणूस याला टाळतो, कारण सेंटर काढायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी मला पंचवीस मिनिटं लागली होती. आता तीन मिनिटं लागतात, आणि एवढा सराव व्हायला एक महिनाही लागला नाही.

सहा जॉचा चक पातळ नळीसाठी चांगला, कारण दाब सहा ठिकाणी वाटला जातो आणि नळी तिकोनी होत नाही. घरच्या कामात मला त्याची गरज फार थोड्या वेळा पडली. जिथे पडली तिथे उभी चीर दिलेली पितळी रिंग नळीवर चढवून थ्री-जॉमध्येच काम भागलं.

किती मोठा

बेडवरच्या स्विंगच्या निम्म्याच्या आसपासचा व्यास धरा. १८० च्या लेथला ८० किंवा १०० मिमी, २५० च्या लेथला १२५. फोर-जॉ एक माप मोठा चालतो, म्हणून माझ्या २५० वर १६० चा फोर-जॉ आहे. थ्री-जॉही मी १६० चाच लावला, पण तो लेथ भारी बांधणीचा आहे म्हणून. हलक्या मशिनवर तेवढं वजन बेअरिंगवर येतं, मोटर सुरू होताना कुथते आणि थांबायला वेळ घेते.

मोठ्या चकचा मोह होतो तो मोठा जॉब पकडता येईल म्हणून. पण जॉ बाहेर आले की त्यांची टोकं चकच्या अंगाबाहेर जातात. जॉ बाहेर काढून एकदा हाताने पूर्ण फेरी फिरवा आणि बेड, कॅरेज, क्रॉस स्लाइड, यांतल्या कशाला लागतात का ते बघा. जॉचा निदान दोन-तृतीयांश भाग चकच्या खोबणीत राहिला पाहिजे. त्यापेक्षा बाहेर आला तर सर्पिलात एक-दोन दातच अडकलेले असतात, आणि फिरताना सुटलेला जॉ काय करेल याचा विचारही नको. त्याऐवजी बाहेरचे, म्हणजे उलटे जॉ लावा.

चकवर कमाल फेरे कोरलेले असतात, ते वाचा. जुन्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चकवर आकडा नसेल तर तो नव्या वेगवान मशिनवर चढवू नका. वेग वाढतो तसे जॉ बाहेर फेकले जातात आणि पकड सैल होते. ही पकड सैल झालेली बाहेरून दिसत नाही.

आधी स्पिंडल तपासा

रनआऊट दिसला की सगळे चकला दोष देतात. मीही दिला. छोट्या लेथचा पहिला थ्री-जॉ मी दोनदा खोलून साफ केला, जॉ बदलायचा विचार केला, आणि मग चक काढून नुसत्या फ्लँजवर डायल लावला तेव्हा कळलं की फ्लँजच्या फेसवर रंगाचा एक थेंब वाळलेला होता. नखाने निघाला. ०.०९ चे ०.०४ झाले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. चक उतरवायचा, स्पिंडल पुसायचा, आणि डायल आधी स्पिंडलच्या गोल बैठकीवर, मग फेसवर. दोन्हीकडे सुई ०.०१ च्या आत राहिली पाहिजे. मग बॅकप्लेट (स्पिंडल आणि चक यांच्यामधली चकती) असेल तर ती चढवून तिची बैठक आणि फेस. मग चक, आणि चकमध्ये ग्राइंड केलेला डॉवेल पिन (नेमक्या गोलाईचा कडक पिन) किंवा नव्या रीमरची शँक (टूलचा गुळगुळीत दांडा). जॉच्या तोंडाजवळ एकदा आणि तिथून ५० ते ७५ मिमी पुढे एकदा. दोन्हीकडे सारखाच आकडा आला तर पिन समांतर सरकलेला आहे, पुढे वाढत गेला तर तो तिरका आहे. तिरका असेल तर बहुतेक वेळा फेसमध्ये कचरा असतो किंवा जॉ पुढून पसरलेले असतात. जॉ पसरलेत का हे बघायचं असेल तर पिन घट्ट करून पातळ कागदाची पट्टी प्रत्येक जॉच्या पुढच्या टोकाशी पिन आणि जॉ यांच्यामध्ये सारून पाहा. ती आत जात असेल तर चक पिनला फक्त मागून धरतो आहे. अशा जॉना ग्राइंड करता येतं, पण तेव्हा जॉवर पकडीसारखाच दाब असावा लागतो आणि ग्राइंडिंगची धूळ बेडवर जाते. जॉचा नवा संच मिळत असेल तर मी तोच घेईन.

स्पिंडलची टोकं वेगवेगळी असतात, आणि चक घेण्याआधी आपलं कोणतं हे नक्की माहीत हवं.

छोट्या लेथवर सपाट फ्लँज आणि तीन भोकं असतात. चकच्या मागचे तीन स्टड त्यातून आत जातात आणि मागून नट लागतात. जागा इतकी अरुंद असते की पाना एका वेळी षटकाच्या एका कडेएवढाच फिरतो. ८० मिमीच्या बऱ्याच चकचं मागचं रिसेस, म्हणजे गोल खळगा, ५५ मिमी असतं आणि ते या फ्लँजच्या उभारावर बसतं. चक तीन प्रकारे बसू शकतो, म्हणून तिन्ही प्रकारे बसवून रनआऊट मोजा. माझ्याकडे ०.०४, ०.०७ आणि ०.०६ आले. ०.०४ च्या जागी चकवर आणि फ्लँजवर एकेक पंचाचा ठिपका मारला, आणि आता ठिपक्याला ठिपका जुळवूनच चढवते.

कॅमलॉक हा स्पिंडलच्या टोकाचा दुसरा प्रकार. त्यात चकला मागे खाच असलेले खुंट असतात. ते स्पिंडलमध्ये जातात आणि बाजूच्या कॅम चावीने फिरवून ओढले जातात. घट्ट झाल्यावर कॅमवरची रेघ स्पिंडलवरच्या दोन खुणांच्या मध्ये थांबली पाहिजे. थांबत नसेल तर त्या खुंटाचा अडसर-स्क्रू काढून खुंट एक पूर्ण फेरी आत किंवा बाहेर घ्यायचा. सगळे कॅम आधी हलके आणि मग क्रमाने पक्के. या पद्धतीत चक उलट फिरवला तरी सुटत नाही.

आट्यांच्या स्पिंडलवर मात्र सुटतो. माझ्या मोठ्या लेथवर मी एकदा उलट्या फेऱ्यात आतले आटे कापत होते आणि चक हळूच सैल होऊ लागला. आवाज बदलला म्हणून हात बटणावर गेला. आट्यांच्या नाकावर, म्हणजे अशा स्पिंडलच्या टोकावर, उलट्या दिशेने कापायचं काम करू नका, आणि वेगात असताना एकदम ब्रेकही मारू नका. चढवताना स्पिंडलचे आटे ब्रशने, चकचे आतले आटे वाकवलेल्या तारेच्या टोकाने साफ करा, तेलाचा एक थेंब द्या, आणि हाताने फिरवत खांद्याला टेकेपर्यंत न्या. इथे आटे फक्त ओढायचं काम करतात. नेमकेपणा येतो तो आट्यांमागच्या गोल बैठकीतून आणि खांद्याच्या फेसमधून, म्हणून शेवटचा अर्धा फेरा जरा जोरात, म्हणजे खांद्याला खांदा पूर्ण भिडतो. मध्ये कागदाची वॉशर घालू नका, ती प्रत्येक वेळी वेगळी दबते.

अडकलेला चक काढायला गिअर अडकवून झटके देणं म्हणजे गिअरचा दात तोडून घेणं. जॉमध्ये जाड षटकोनी सळई पकडा, तिला लांब पाना लावा, स्पिंडल पट्ट्याने धरून ठेवा आणि पान्याच्या टोकावर मॅलेटचा एकच टोला द्या.

बॅकप्लेट

चक एका मशिनचा आणि स्पिंडल दुसऱ्याचा असेल तर मध्ये बॅकप्लेट लागते, म्हणजे मागून स्पिंडलवर बसणारी आणि पुढून चकच्या रिसेसमध्ये शिरणारी बिडाची चकती. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की पुढची बाजू तुमच्याच स्पिंडलवर चढवून कापायची. दुसऱ्या मशिनवर पूर्ण करून आणलेली बॅकप्लेट कितीही सुबक असली तरी ती त्या मशिनच्या अक्षाला खरी असते.

आटे आधीच असलेली बॅकप्लेट मिळाली तर उत्तम. आटे स्वतः पाडायचे असतील तर आधी लोखंडाच्या तुकड्यावर स्पिंडलच्या नाकाची हुबेहूब नक्कल करा, कारण आटे पाडताना बॅकप्लेट चकमध्ये पकडलेली असते आणि तो चक स्पिंडलवर असतो. तुकड्याने तपासल्याशिवाय ती चकमधून काढायची नाही. आतल्या बाजूचा पहिला आटा मोकळा करा, नाहीतर ती खांद्याला टेकणार नाही.

आता ती स्पिंडलवर चढवून पुढची बाजू. बिडाची वरची साल कडक असते, त्यामुळे पहिला कट निदान एक मिलिमीटर खोल आणि हळू फेऱ्यांवर घ्या. साल नुसती घासत राहिलात तर टूलचं टोक जाईल. कूलंट नको. बिडाची काळी पूड बेडच्या रुळांवर बसते आणि तेलात मिसळून पॉलिश पेस्टसारखी खाते. मी रुळांवर वर्तमानपत्र अंथरते आणि चुंबकांनी दाबून ठेवते. कापड कधीच नाही, फिरत्या वस्तूजवळ कापड नको. काम संपल्यावर रुळ पुसून नव्याने तेल.

चकचं रिसेस तीन दिशांनी मोजा. बऱ्याच साध्या थ्री-जॉमध्ये १०० मिमीच्या चकला ७२, १२५ च्या चकला ९५ आणि १६० च्या चकला १३० मिमीचं रिसेस असतं, पण आपला चक हातात घेऊन मोजल्याखेरीज टूल लावू नका. स्पिगॉट, म्हणजे बॅकप्लेटचा रिसेसमध्ये शिरणारा उभार, त्यापेक्षा ०.०२ मिमी लहान करायचा. शेवटच्या ०.१ मिमीसाठी मी कॉम्पाउंड स्लाइड (टूलखालची, कोनात वळवता येणारी छोटी स्लाइड) बेडच्या दिशेला जवळपास समांतर, ५.७ अंशांवर, वळवून ठेवते. मग कॉम्पाउंड ०.१ मिमी फिरवला की टूल आत फक्त ०.०१ जातं आणि व्यास ०.०२ ने घटतो. टूल जवळपास ०.१ मिमी डावीकडेही सरकतं, म्हणून कॅरेजचा स्टॉप तितका मागे घ्यावा लागतो. चक हातात धरून वरचेवर लावून बघत राहा. बरोबर माप आलं की चक हवा दाबत हळूच आत सरकतो. ढकलावा लागला तर अजून एक कट बाकी आहे.

स्पिगॉटची उंची रिसेसच्या खोलीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा, म्हणजे चक बाहेरच्या रुंद फेसवर टेकेल. उंची जास्त झाली तर चक मधल्या उंचवट्यावर डुगडुगतो आणि बोल्ट आवळाल तसा तिरका होतो. स्पिगॉटच्या मुळाशी छोटी खाच काढा आणि वरच्या कडेला चॅम्फर द्या, म्हणजे ती जरा तिरकी कापा.

भोकांच्या जागा मोजून काढायच्या भानगडीत मी पडत नाही. चकच्या मागच्या तीन भोकांत टोकदार ग्रब स्क्रू (डोकं नसलेले स्क्रू) जेमतेम बाहेर येतील असे लावते, चक स्पिगॉटवर बसवून मागून मॅलेटने एक टोला देते आणि तीन ठिपके मिळतात. एम ८ बोल्टसाठी ९ मिमीचं भोक पाडा. भोक ऐसपैस हवं, कारण चक जागेवर ठेवायचं काम स्पिगॉटचं आहे आणि बोल्ट फक्त दाबून धरतात. भोकांच्या दोन्ही कडांचे बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार किनार, काढा. तिन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

काही जण थ्री-जॉसाठी स्पिगॉट मुद्दाम ०.२ ते ०.३ मिमी लहान करतात, बोल्ट हलके आवळून चक डायल बघत टोकरतात आणि शून्यावर आला की पक्का करतात. हे चालतं, आणि रोज एकाच मापाची सळई धरणाऱ्यासाठी चांगलंच आहे. पण सर्पिलाची चूक प्रत्येक व्यासाला वेगळी असते. २० मिमीवर शून्य केलेला चक ४० मिमीवर पुन्हा आऊट दिसेल, आणि टूल कधी जोरात अडकलं तर तो जागचा हलेल. माझ्या मोठ्या लेथवर स्पिगॉट घट्टच आहे, आणि नेमकं काम फोर-जॉवर जातं.

नवा चक बसवण्याआधी खोला. कारखान्यातलं गंजरोधक ग्रीस आणि त्यात अडकलेली ग्राइंडिंगची कणी आत असते. कुठला पिनियन (चावी ज्यात बसते तो छोटा गिअर) कुठे होता याच्या खुणा करा, सगळं रॉकेलने धुवा, सर्पिलाच्या कडांवरचे बर बारीक तेलदगडाने काढा, आणि पातळ तेलाचा हात देऊन परत जोडा. जाड ग्रीस भरू नका, कीस त्यातच रुतून बसतो. जॉ लावताना १, २, ३ हा क्रम. चावी फिरवत राहा, सर्पिलाचं टोक पहिल्या खोबणीत दिसलं की किंचित मागे घ्या आणि १ नंबरचा जॉ दाबून धरून चावी पुढे फिरवा. मग दुसऱ्या खोबणीत २, तिसरीत ३. जॉ मध्यात एकत्र आले नाहीत तर क्रम चुकलेला आहे, पुन्हा काढून लावा. जॉवरचा क्रमांक चकच्या क्रमांकाशी जुळतो का तेही बघा, दुसऱ्या चकचे जॉ बसतात पण खरे फिरत नाहीत.

आणि चावी. चावी हातात असेल नाहीतर खुंटीवर, तिसरी जागा नाही. माझी खुंटी मोटरच्या बटणाच्या अगदी वर आहे, रिकामी दिसली तर हात बटणाकडे जात नाही. एक पिनियन रंगाने खूण करून ठेवा आणि शेवटचा ताण नेहमी त्याच पिनियनवर द्या. पकड दर वेळी सारखी येते.

फोर-जॉमध्ये सेंटर काढणं

चकच्या फेसवर गोल रेघा असतात. त्यांच्यावरून चारही जॉ अंदाजे सारखे ठेवा आणि जॉब हलका धरा. चौकोनी किंवा पूर्ण झालेल्या जॉबवर तांब्याच्या पट्ट्या घाला. डायलचा पिन जॉबला आडवा, सेंटरच्या उंचीला टेकवा. गिअर न्यूट्रलला टाका, म्हणजे चक हाताने फिरेल.

एका वेळी समोरासमोरची एकच जोडी. १ नंबरचा जॉ डायलसमोर आणा, आकडा वाचा. अर्धा फेरा फिरवून ३ नंबरचा वाचा. समजा १ वर १.२० आणि ३ वर ०.४० आले. फरक ०.८०, म्हणजे जॉब १ च्या बाजूला ०.४० बाहेर आहे. ३ जरासा सैल करा, १ आवळा, सुई ०.८० वर येईपर्यंत. मग २ आणि ४ ची जोडी. मग परत १ आणि ३. प्रत्येक फेरीत फरक भराभर घटतो. शेवटच्या दोन-तीन शतांशांत मी कुठलाच जॉ सैल करत नाही, जास्त आकड्याच्या बाजूचा नुसता आवळते. त्याने सेंटरही येतं आणि पकडही पक्की होते. दोन चाव्या असतील तर समोरासमोर एकदम लावता येतात आणि वेळ निम्म्यावर येतो.

जॉब लांब असेल तर डायल बाहेरच्या टोकाला नेऊन परत बघा. तिथे आऊट असेल तर जॉ हलवू नका, नायलॉनच्या हातोडीने जॉबचं टोक हलकेच टोकरा, मग जॉजवळ पुन्हा तपासा. व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त बाहेर असलेल्या जॉबला टेलस्टॉकचा, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा, आधार द्या.

चौकोनी सळईवर डायल फक्त सपाट बाजूच्या मध्यावर वाचायचा. चक थोडा मागेपुढे डोलवा, सुई जिथून परत फिरते तो सगळ्यात कमी आकडा त्या बाजूचा.

वाफेच्या इंजिनाचा एक्सेंट्रिक करताना हीच पद्धत उलटी वापरते. सेंटर ४ मिमीने सरकवायचं असेल तर एका फेऱ्यात डायल ८ मिमी फिरला पाहिजे, म्हणून १० मिमी प्रवासाचा डायल लागतो. असा जॉब एका बाजूला जड असतो. फेरे अगदी कमी ठेवा आणि टूल लावण्याआधी रिकामं फिरवून मशीन थरथरतं का बघा.

कोलेट

बारीक सळई, पिना, स्क्रू असलं काम जास्त असेल तर कोलेट चक घ्या. कोलेट म्हणजे चिरा दिलेली बाही, जी सळईवर सगळीकडून मिटते. ईआर जातीचे कोलेट स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७० च्या दशकात आणले, आणि आज लेथ व मिलिंग दोन्हीकडे तेच सगळ्यात सोयीचे आहेत. ईआर ३२ चा संच २ ते २० मिमीपर्यंत धरतो. प्रत्येक कोलेट आपल्या मापापासून १ मिमी खालपर्यंत मिटतो, १० चा कोलेट ९ पर्यंत. पूर्ण मापाच्या जितकं जवळ तितकी पकड चांगली.

कोलेट आधी नटमध्ये तिरका घालून टक् असा बसवायचा आणि मग नट चकवर. नटच्या आतली रिंग किंचित एका बाजूला असते, ती कोलेटच्या खाचेत अडकते आणि सोडताना त्याला बाहेर ओढते. कोलेट आधी चकमध्ये टाकून वरून नट फिरवला तर तो तिरका मिटतो, खराब होतो आणि निघतही नाही. तुकडा आखूड असेल तर कोलेटच्या मागच्या तोंडात त्याच मापाचा दुसरा तुकडा घाला, म्हणजे तो समांतर मिटेल.

लेथसाठी बॅकप्लेटवर बसणारा कोलेट चक घ्या. मोर्स टेपरच्या (ठरावीक मापाने निमुळत्या) शँकचा घेतलात तर तो स्पिंडलच्या तोंडात बसतो आणि लांब सळई स्पिंडलमधून येऊ शकत नाही.

मिलिंग मशिनवर

ड्रिल चकमध्ये एंड मिल (बाजूनेही कापणारा कटर) धरू नका. ड्रिलवर ताण वरून खाली येतो, एंड मिलवर बाजूने. ड्रिल चकचे तीन कडक जॉ गुळगुळीत शँकला बारीक रेषांवरच धरतात, आणि चक स्वतः आर्बरवर (त्याला मशिनशी जोडणाऱ्या दांड्यावर) आखूड टेपरने नुसता दाबून बसलेला असतो. बाजूच्या धक्क्यांनी कटर हळूहळू खाली ओढला जातो, किंवा चकच टेपरवरून सुटतो. पितळेच्या प्लेटमध्ये ३ मिमी खोल खाच काढायला मी एकदा १० मिमीचा कटर असा धरला होता. खाच सुरुवातीला ३ आणि शेवटी ३.६ मिमी भरली. प्लेट वाया गेली, पण कटर फुटला नाही हे नशीब. एंड मिलसाठी ईआर चक किंवा स्पिंडलच्याच टेपरचा कोलेट वापरा, आणि ड्रॉबार (टेपर वरून ओढून धरणारा लांब बोल्ट) न चुकता लावा. मोर्स टेपर नुसत्या घर्षणावर बाजूचा ताण सोसत नाही. काढताना ड्रॉबार दोन फेरे सैल करून वरून मऊ हातोडीने टोला द्या.

ड्रिल चक आर्बरवर बसवताना दोन्ही टेपर तेलविरहित कोरडे पुसा, जॉ पूर्ण आत घ्या, चक तोंडावर लाकडी ठोकळ्यावर उभा ठेवा आणि आर्बरच्या टोकावर मॅलेटचा एक नीट टोला. जॉ बाहेर असतील तर तो टोला त्यांच्यावर जातो. काढायला दोन बाजूंनी घुसवायच्या चपट्या पाचरी मिळतात. आर्बर आणि चक दोघांवरचा टेपर क्रमांक एकच आहे ना हे घेतानाच बघा, बी १६ आणि बी १८ दिसायला जवळचे आहेत.

षटकोन किंवा छोटे गिअर कापायला मी १०० मिमीचा थ्री-जॉ रोटरी टेबलवर (अंश मोजून फिरवता येणाऱ्या टेबलवर) लावते. मध्ये १० मिमीची प्लेट, तिच्या खालच्या बाजूला टेबलच्या मधल्या भोकात बसणारा खुंट आणि वरच्या बाजूला चकचा स्पिगॉट, दोन्ही लेथवर एकमेकांना खरे टर्न केलेले. मग टेबल स्पिंडलखाली आणायचं. स्पिंडलमध्ये डायल धरून चकमधल्या पिनाभोवती हाताने फिरवते, आणि सुई स्थिर झाली की दोन्ही हँडव्हील शून्यावर लावून कुलूप करते.

लेथच्या मागे भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला आहे. प्रत्येक चकखाली मोजल्याची तारीख, व्यास आणि रनआऊट. १६० च्या थ्री-जॉचे सध्याचे आकडे १२ मिमीवर ०.०३, २५ वर ०.०६, ५० वर ०.०४. शाफ्ट दुरुस्तीला आला की मी आधी त्याचा व्यास मोजते, पुठ्ठ्याकडे बघते, आणि थ्री-जॉ ठेवायचा की फळी काढून फोर-जॉ चढवायचा ते तिथेच ठरतं.